खिडकीकडे पाठ करून

शेफील्डमध्ये डिसेंबरात दिवस पावणेचारला बुडतो. आमच्याकडे त्या वेळी गुरं अजून रानात असतात, शाळा सुटायची असते आणि बायका दुपारच्या चहाचं आधण ठेवण्याच्या बेतात असतात. मला कोणी हे सांगितलं नव्हतं अशातला भाग नाही. नागपूरच्या इंग्रजीच्या क्लासात एका मॅडमनी बजावलं होतं की तिथं हिवाळ्यात लवकर अंधारतं, मन उदास होतं, व्हिटॅमिन डीच्या गोळ्या घेत जा. मी वहीत लिहून घेतलं आणि गोळ्याही घेतल्या. पण त्या गोष्टीचा माझ्या घरातल्या चार वर्षांच्या पोरीशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मी नर्स आहे. इंग्लंडला जाण्याआधी अर्जुनी मोरगावच्या बाजूच्या एका दवाखान्यात कंत्राटावर होते. आमचं गाव तिथून एसटीनं पाऊण तास. नवरा सालेकशाकडे आश्रमशाळेत कंत्राटी शिक्षक, तो शनिवारी यायचा. घरात मोठे दीर आणि जाऊ. जावेला मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दल तिला कोणी काही बोललं तर ती असं उत्तर द्यायची की समोरचा महिनाभर त्या वाटेनं फिरकत नसे. पोरगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा मी कामावर परत रुजू झाले आणि दिवसभर पोरगी तिच्याजवळ राहायला लागली. ती मला माय म्हणायची आणि जावेला मोठी माय.

रोज सकाळी निघताना पोरगी माझी ओढणी धरायची, आणि रोज मी तिला एकच वाक्य सांगायची, "दिवस बुडला का येईन." लहान लेकराला साडेसहा काय कळणार? दिवस बुडताना तिला दिसायचा. घराच्या समोर बोडी आहे, बोडी म्हणजे लहान तळं, आणि तिच्या पाळीमागं, मातीच्या बांधामागं, दिवस जातो. तो पाळीखाली गेला की ही पायरीवरून उठायची आणि फाटकाशी उभी राहायची. थोड्या वेळानं फाट्यावर एसटी थांबायची आणि मी चालत यायची. साडेतीन वर्षांत मी तो शब्द मोडला नाही. एसटी बिघडली तर कोणाच्या तरी मोटारसायकलवर आले, एकदा धानाच्या ट्रॅक्टरवर बसून आले. रात्रपाळी टाळण्यासाठी सोबतिणींची बोलणी खाल्ली. पोरीला वाटायचं, दिवस बुडतो म्हणूनच माय येते, आणि मला त्याचा मोठा अभिमान होता.

मग शेफील्डच्या नोकरीचं पत्र आलं. घराचं गाडं तेव्हापासून माझ्याच पगारावर चालणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे जाऊ नको असं कोणी म्हटलं नाही. सगळे म्हणाले, लेकरू आहे, आठ दिवसांत विसरते, दृष्टीआड सृष्टी. फेब्रुवारी संपत आला होता. निघायच्या दिवशी पोरगी फाट्यापर्यंत आली. बॅगा पाहून तिला काहीतरी वेगळं वाटलं असावं, कारण तिनं नेहमीसारखी ओढणी धरली नाही, दोन्ही हातांनी माझा गुडघा धरला. मी रडायला नको म्हणून घाईघाईनं वाकले आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "दिवस बुडला का येईन," म्हणाले. तिनं लगेच गुडघा सोडला.

ती वेळ मी मारून नेली. आता विचार करते की त्या दिवशी ती ओरडून रडली असती, मातीत लोळली असती, तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी ती फाटकाशी उभी राहिली. दुसऱ्याही संध्याकाळी. जाऊ फोनवर सांगायची की दिवस बुडायच्या वेळी ही कोणाचं ऐकत नाही, तोंडात घास घेत नाही. मी शेफील्डला दोन केरळच्या नर्सबरोबर एका घरात राहायला लागले होते. उंच चढावर एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांची ओळ आहे, त्यातलं एक. माझी खोली वरच्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला. खिडकीतून खाली अख्खं शहर दिसतं. छपरं, धुराडी, उतारानं जाणारी ट्राम, आणि पलीकडे पुन्हा टेकडी. खिडकीच्या खाली भिंतीला लावलेला हीटर असतो. मला तिथली थंडी सोसत नव्हती, म्हणून सुटीच्या दिवशी त्या हीटरला पाठ लावून मी जमिनीवर बसायची आणि घरी व्हिडिओ कॉल लावायची. माझे तीन वाजलेले असायचे आणि गावात साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. म्हणजे पोरीला दिसायचं काय, तर माझं अंधारं तोंड आणि माझ्या डोक्यावर खिडकीतला लख्ख उजेड.

एप्रिलमध्ये केव्हातरी तिनं विचारलं, "माय, तुह्या तिकडं दिवस बुडलाच नाई का अजून?"

तिच्या पाठीमागं ट्यूबलाइट लागलेली होती, किडे उडत होते. पोरीनं आपल्या आपण हिशेब लावला होता. मायनं शब्द दिला आहे, माय खोटं बोलत नाही, तरी येत नाही, याचा अर्थ तिच्या तिकडं अजून दिवसच मावळलेला नाही. सगळ्या घरानं कौतुक केलं. नवरा म्हणाला, मास्तराची पोरगी आहे. मीही हसले आणि म्हणाले, नाही बुडला बाई अजून.

त्या दिवसापासून तिचं रडणं थांबलं. ती जेवायला लागली. फोन लागला की आधी माझ्या डोक्यावरून खिडकी बघायची, आणि मग निवांत बोलायची. मला हे सोयीचं वाटलं. सोयीचं हाच शब्द बरोबर आहे, दुसरा गोड शब्द मी शोधणार नाही. जूनमध्ये तर मी स्वतः फोन खिडकीला लावून तिला सूर्य दाखवला. माझे चार वाजले होते आणि सूर्य डोक्यावरून जेमतेम खाली आला होता. बघ, किती वर आहे अजून, म्हणाले. तिनं मान डोलावली, एखाद्या मोठ्या माणसानं अडचण समजून घ्यावी तशी.

आणि तिकडचा उन्हाळ्यातला दिवस खरंच बुडत नाही. साडेनऊ वाजले तरी छपरांवर ऊन. बारा तासांची ड्युटी करून मी आठ वाजता वॉर्डातून निघायची आणि चढ चढताना माझी सावली माझ्या मागं लांब पडलेली असायची. मला तो उजेड सहन व्हायचा नाही. दवाखान्यातून सुटले तरी दिवसानं मला सोडलेलं नाही असं वाटायचं. झोपण्यासाठी मी खिडकीवर चादर टांगायची. घरातली एक केरळची नर्स म्हणायची, डिसेंबरात याच उन्हासाठी रडशील. तेव्हा मी हसून घेतलं.

ऑक्टोबरअखेर तिकडच्या नियमाप्रमाणे सगळ्यांनी घड्याळं तासभर मागं केली आणि मग दिवस झपाट्यानं आखडला. पण माझ्या ध्यानात कसं येणार? अंधारात जायची, अंधारात यायची. सुटीच्या दिवशी अडीचला फोन लावायची तेव्हा पांढरट का होईना, उजेड असायचाच. पोरगी बघायची, समाधान मानायची, आणि नऊ वाजेपर्यंत झोपून जायची.

सहा डिसेंबरला मला सुटी होती. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या मोहल्ल्यातले सगळे पांढरे कपडे घालून, मेणबत्त्या घेऊन विहारात जातात. वंदना होते, दोन जण बोलतात, घरी यायला उशीर होतो. जावेनं आधीच कळवलं होतं की पोरीला पांढरा फ्रॉक शिवला आहे, तिला तो तुला दाखवायचा आहे, आम्ही आलो की लावतो. फोन आला तेव्हा त्यांचे नऊ वाजले होते, माझे साडेतीन. मी आपली हीटरला पाठ लावून बसले.

पोरीनं फ्रॉक दाखवला. बोटावर मेण सांडलं होतं ते दाखवलं. कोणाची मेणबत्ती किती वेळा विझली आणि आपली कशी एकदाच विझली ते सांगितलं. आणि बोलता बोलता ती थांबली. मला वाटलं नेटवर्क गेलं. मी हॅलो हॅलो करत राहिले, पण चित्र हलत होतं, तिच्या पापण्या हलत होत्या. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

मी मागं वळून पाहिलं. ढग नसलेला दिवस होता, तिकडं हे क्वचितच. सूर्य समोरच्या टेकडीवरच्या घरांना टेकला होता. आपला दिवस वरून सरळ खाली पडतो, पाळीमागं गेला की गेला. तिकडचा तिरका तिरका सरकतो, छपरांच्या कडेकडेनं, एका धुराड्यामागं जातो आणि पुन्हा दुसऱ्या बाजूनं दिसतो. त्याच्यात आच नव्हती. खालच्या दरीत निळसर धूसरपणा साचत चालला होता आणि एकेका खिडकीत दिवे लागत होते. मला तेव्हाही उठून पडदा ओढता आला असता. मी फोन दुसऱ्या भिंतीकडे फिरवू शकले असते. पण तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद हळूहळू येत होता की मी जागची हलले नाही, बावळटासारखी तिच्याकडे बघत बसले. ती काय बघते आहे हे मला कळायला वेळ लागला.

सूर्य गेला. आभाळ थोडा वेळ पिवळं राहिलं, मग राखेच्या रंगाचं झालं. आमच्या दारासमोरचा रस्त्यावरचा दिवा लागला आणि त्याचा उजेड माझ्या खांद्यावर पडला.

"बुडला," ती म्हणाली. "आता ये."

मी तिचं नाव घेतलं. इतक्या महिन्यांत सांगायला हवं होतं ते त्या एका मिनिटात कसं सांगणार? तिनंही थांबून ऐकलं नाही. फोन जावेच्या हातात दिला आणि आत पळाली. जावेनं फोन फिरवला तेव्हा ती पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होती. तिला तो लावता येत नसे, पण त्या दिवशी आला. मग जाऊ म्हणाली, ठेवतो मी, आणि फोन बंद झाला.

मी उठले नाही. खोलीतला दिवाही लावला नाही. साडेचारला पूर्ण रात्र झाली होती आणि खाली शहरात लोक कामावरून घरी निघाले होते. गाड्यांच्या लाल दिव्यांची रांग चढावर सरकत होती, ट्राम भरून जात होत्या, बसथांब्यावर माणसं आपापल्या घराच्या बसची वाट पाहत होती. अख्ख्या शहराला कोणीतरी म्हटलं होतं की दिवस बुडला, आता या, आणि ते निघाले होते. मी तोंडात ओढणी कोंबून रडले, कारण भिंती पातळ होत्या आणि पलीकडे रात्रपाळीची मुलगी झोपली होती.

दुसऱ्या दिवशी पोरगी फोनवर आली नाही. झोपली आहे म्हणाले. तिसऱ्या दिवशी खेळते आहे म्हणाले. आठवड्यानं आली तेव्हा खिडकीकडे तिनं पाहिलंच नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. त्यानंतर मी त्या जागी कधी बसले नाही, पलंगावर भिंतीला टेकून बोलायची. त्याचा काही उपयोग नव्हता.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर वीस दिवसांची रजा मिळाली. या वेळी मी त्यांना न्यायलाच आले होते. नवऱ्याचे आणि पोरीचे कागद तयार होते, तिच्यासाठी जांभळं जाकीट आणलं होतं. धान कापणी चालली होती. घरी पोचले तर पोरगी आतून पाण्याचा गडू ताटलीत ठेवून घेऊन आली, दोन्ही हातांनी, न सांडता. केवढी उंच झाली होती.

"पानी घ्या," म्हणाली.

जाऊ तिच्यावर खेकसली. माय हाये तुही, घे म्हन, तुमी काय म्हनतं, असं काहीबाही. पोरीनं माझ्याकडे पाहिलं आणि शिकवल्याप्रमाणे म्हटलं, पानी घे. वीस दिवस हे असंच चाललं. माझ्याशी बोलताना तिच्या तोंडून तुम्ही यायचं, जाऊ डोळे वटारायची, मग ती चूक दुरुस्त करायची. जावेला मात्र ती आता मोठी माय म्हणत नव्हती. त्यातला मोठी शब्द केव्हाच गळून पडला होता. जाऊ माझ्यासमोर त्यालाही टोकायची, आणि माझी मान खाली जायची.

एका दुपारी अंगणात जाऊ धान पाखडत होती आणि मी पाखडलेल्यातले खडे वेचत होते. मी विचारलं, बाई, त्या रात्री चपला घालून ती कुठं गेली होती? जावेचा सूप धरलेला हात थांबला नाही.

"फाट्यावर नेली मी तिले. घरात राहेच ना. टॉर्च घेतला अन् गेलो. शेवटची गाडी केव्हाच गेली होती. उभी राहिली, उभी राहिली. थंडी होती. मंग मी सांगतलं, तुही माय आज नाई येत, उद्याही नाई येत. लय दूर हाये. येईल तवा येईल. मी हावो इथं." सुपातलं धान खाली टाकून ती म्हणाली, "मले तिच्यासंग लबाडी नाई करता आली. तू रागावू नको."

मी कशाला रागावणार? माझी पोर तिनं हिरावली असं मनाशी म्हणत मी वर्षभर इंग्लंडमध्ये बसले होते. तिनं फक्त खरं सांगितलं होतं. ज्यानं खरं सांगितलं त्याची पोर झाली.

निघायला दोन दिवस असताना पोरीला ताप भरला. खोकला नाही, सर्दी नाही, नुसता ताप. येणार नाही असं ती म्हणाली नाही. जांभळं जाकीट अंगात घालून, तोंड भिंतीकडे करून पडून राहिली. नवरा म्हणाला, जाऊ दे, एकदा विमानात बसली की होते ठीक, लेकरं महिनाभरात विसरतात. विसरतात म्हणजे काय होतं, ते मी पाहून चुकले होते. फाट्यावर तिला एकदा उभं केलं होतं, पुन्हा करायचं नव्हतं. मी तिचं जाकीट काढलं, पाण्याची पट्टी कपाळावर ठेवली आणि सांगितलं की तुला कुठंही जायचं नाही. तिनं विचारलं, खरं? मी म्हणाले, खरं. तासाभरात तिला घाम आला.

नवऱ्यानं मग विचारलं, मग तू काऊन नाही राहत? हा प्रश्न मलाही रात्रंदिवस पडतो. घर माझ्या पगारावर आहे, त्याचं कंत्राट संपलं आहे, हे उत्तर सगळ्यांना पटतं. पण ते पूर्ण नाही. मला तिकडचं काम आवडतं. तिकडे म्हातारी माणसं माझी वाट बघतात, माझ्या हातून औषध घेतात, आणि माझ्याकडून कोणाचं काही तुटलेलं नसतं. घरी राहिले असते तर रोज पोरीच्या तोंडून तुम्ही ऐकत राहावं लागलं असतं. मी पळाले, असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

आता पोरगी दुसरीत आहे. रविवारी फोन असतो. ती नीट बोलते, कविता म्हणून दाखवते, शेळीला पिलं झाली ते सांगते, मी जेवले का विचारते. हे सगळं ती कर्तव्य म्हणून करते आणि चांगलं करते. जावेनं तिला चांगलं वळण लावलं आहे. आता तिनं मला तुम्ही म्हटलं तर जाऊ टोकत नाही, मीच तिला तसं सांगितलं.

मागच्या रविवारी कविता म्हणून झाली. माझ्याकडे अंधारून आलं होतं, मी दिवा लावायला उठले होते. फोन तिच्या हातात होता. तेवढ्यात ती आतल्या बाजूला तोंड करून मोठ्यानं ओरडली, "माय!"

"ओ," मी म्हणाले. दिव्याच्या बटणावर हात होता, विचार करायला वेळच नव्हता. त्याच वेळी आतून जावेनंही ओ दिली.

पोरगी फोनकडे वळली. तिला माझ्याबद्दल वाईट वाटलं असावं, कारण अगदी अदबीनं, कोणी पाहुण्याला सांगावं तसं म्हणाली, "तुमाले नाई म्हटलं जी."